टो टच आणि हँडस्प्रिंगच्या मधली जागा : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

चीअरलीडिंगमधला टो टच, म्हणजे दोन्ही ताठ पाय हवेत बाजूंना उघडायची उडी, मला येतो. उभ्याने बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागे उडून हात टेकवून पुन्हा पायांवर येणं, तेही येतं. टो टच मारून लगेच हँडस्प्रिंग येत नाही. पुढच्या बारा आठवड्यांचा प्रकल्प एवढाच आहे.

आमचा संघ यंदा लेव्हल ३ ला, म्हणजे कौशल्यानुसार ठरलेल्या तिसऱ्या गटात, उतरतोय. ऑल-स्टारच्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या क्लब संघांच्या, नियमांत लेव्हल २ ला उडी चालते आणि उभ्याने एक हँडस्प्रिंगही चालते, पण उडीला लगेच हँडस्प्रिंग जोडलेली चालत नाही. लेव्हल ३ ला ती मुभा मिळते, आणि मुभा मिळाली की प्रत्येक संघ ती वापरतोच. अडीच मिनिटांच्या रूटीनमध्ये, म्हणजे संगीतावरच्या सादरीकरणात, आठ काउंट (ठोके) फक्त याच जोडणीसाठी ठेवलेत. सहा जणींच्या ओळीत चौघींना ती येते. मला आणि आमच्यातल्या सगळ्यात धाकटीला येत नाही.

आज चाचणी म्हणून दहा वेळा केली. दहाही वेळा तेच झालं. खाली आले, उभी राहिले, श्वास घेतला, हात सावरले आणि मग मागे गेले. आमच्या प्रशिक्षक मॅडम शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "तू दोन वेगळ्या गोष्टी करतेयस. मला एकच हवीय."

नोंदी ठेवण्याचं कारणही लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी शिकताना मला एवढंच सांगितलं होतं, की घाबरू नकोस, दे अंग टाकून मागे. दिलं. कोपरं वाकली, उजवं मनगट मुरगळलं आणि सहा आठवडे हातावर भार टाकता आला नाही. म्हणून या वेळी शरीर नेमकं काय करतंय ते आधी समजून घेईन, करायचं ते नंतर.

७ फेब्रुवारी

आज फक्त चित्रीकरण. फोन कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूने, पाच पावलांवर. सेकंदाला १२० फ्रेम. म्हणजे एक फ्रेम आठ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. प्रत्येक प्रयत्नात तीन क्षण शोधायचे: पाय जमीन सोडतात तो, पाय जमिनीला लागतात तो, आणि हँडस्प्रिंगसाठी पुन्हा जमीन सोडतात तो. पहिल्या दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे हवेतला वेळ. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला जमिनीवरचा वेळ.

माझे आकडे: हवेत ६४ फ्रेम, जमिनीवर ११८.

जिला जोडणी उत्तम येते तिला विनंती करून तीन वेळा करायला लावलं. हवेत ६६, जमिनीवर ५०.

हे बघून बराच वेळ गप्प बसले. इतके दिवस वाटत होतं की माझी उडी कमी पडते, तिच्यासारखी उंच मारता आली की पुढचं आपोआप जमेल. दोन महिने मी उड्याच मारत होते. हवेतल्या वेळावरून उंची काढता येते: ९.८ ला काळाच्या वर्गाने गुणायचं आणि ८ ने भागायचं. माझे ०.५३ सेकंद म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. (ताठ पायांनी उडून वाकल्या गुडघ्यांनी उतरलं की हा आकडा थोडा फुगतो, पण दोघींचाही सारखाच फुगणार.) तिची उडी माझ्याहून जेमतेम दोन सेंटिमीटर जास्त. खरा फरक जमिनीवर आहे. ती तिथे अर्धा सेकंदही थांबत नाही, मी जवळजवळ अख्खा सेकंद काढते.

१० फेब्रुवारी

त्याच फिती पुन्हा पाहिल्या, या वेळी फ्रेम-फ्रेमने, आणि आणखी एक गोष्ट सापडली.

हवेतले ६४ फ्रेम म्हणजे वर जायला ३२ आणि खाली यायला ३२. पाय सर्वांत उंच असायला हवेत ते ३२ च्या आसपास. माझे पाय ४० व्या फ्रेमला पूर्ण उघडतात. तोवर मी खाली यायला लागलेली असते आणि पाय मिटायला फक्त २४ फ्रेम उरतात. तेवढ्यात ते पूर्ण मिटत नाहीत. जमीन आली तेव्हा पाय अजून पुढेच, छाती मांड्यांवर झुकलेली आणि नजर चवड्यांवर.

छाती खाली जाते ही तक्रार मी पहिल्या दिवसापासून ऐकतेय. "छाती वर! छाती वर!" असं ओरडून ती वर जात नाही, आणि का जात नाही ते आज कळलं. हवेत असताना धरायला काहीच नसतं. पाय पुढून वर उचलले की धड त्यांच्याकडे झुकणारच, कारण सगळ्या शरीराचं मिळून फिरणं आहे तेवढंच राहायला हवं. पाय खाली नेले की तेच धड परत वर येतं. म्हणजे छाती वर आणायची किल्ली पायांत आहे. पाय वेळेवर खाली आले तर छाती त्यांच्यासोबत वर येते, पाय अर्धवट आले तर छातीही अर्धवटच.

दुसरं असं, की पाय जितके पुढून उचलू तितकं धड पुढे झुकतं. पाय खरोखर बाजूला गेले तर डावा-उजवा एकमेकांना तोलून धरतात आणि धडाला भरपाई कमी करावी लागते. टो टचमध्ये गुडघे छताकडे हवेत, पुढच्या भिंतीकडे नकोत, असं मॅडम नेहमी सांगतात. मला वाटायचं ते दिसण्यासाठी असेल. ते उतरण्यासाठीही आहे.

हे मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण वही मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

१४ फेब्रुवारी

उडी नाही. जमिनीवर पाय पसरून बसायचं, हात मांड्यांच्या मध्ये पुढे टेकवायचे, पाय ताठ ठेवून दोन्ही टाचा एकदम वर. दहाचे चार फेरे. हात जितके पुढे टेकवू तितकं अवघड. मग पाठीवर झोपून पाय मिटलेले छताकडे, झटक्यात उघडायचे आणि दुप्पट झटक्यात मिटायचे. मॅडमचा भर मिटण्यावर. उघडताना वजन मदत करतं, मिटताना मांडीच्या आतल्या स्नायूंना एकट्याने ओढावं लागतं, आणि माझे ते स्नायू दुबळे आहेत.

१७ फेब्रुवारी

तेच. मांड्यांच्या आतून दुखतंय.

१९ फेब्रुवारी

आज उतरण्यावर काम. हँडस्प्रिंग नाही, मागे जाणं नाही. टो टच आणि थांबणं. पण थांबायचं कसं, याचीच शिकवणी झाली.

मी उडी "सरळ" उतरत होते: चवड्यांवर, गुडघे पुढे, अंगाचा भार पायाच्या बोटांवर. नुसत्या उडीला ते चालतं. तिथून मागे जायचं म्हटलं की शरीर वरच उडतं, मागे जात नाही. मग हँडस्प्रिंग आखूड पडते, हात पायांच्या अगदी जवळ टेकतात आणि सगळं वजन खांद्यांवर कोसळतं. माझं मनगट असंच गेलं होतं. त्या दिवशी मागे जायला घाबरले म्हणून झालं, असं मी आजवर समजत होते. खरं तर मागे जायची जागाच तयार केली नव्हती.

मॅडमनी उभं करून दाखवलं. पाय कमरेच्या किंचित पुढे उतरायला हवेत. चवडा आधी लागतो, पण लगेच टाच टेकते. गुडघे बोटांच्या पुढे जात नाहीत. मागे अदृश्य खुर्ची आहे, तिच्यावर बसायला निघालो आहोत, पण बसायच्या आधीच खुर्ची कुणीतरी ओढून घेतली, असा तो क्षण. तोल गेलेला असतो आणि तो जाऊ द्यायचा असतो. त्याच वेळी गुडघे आणि घोटे जोरात ताठ करायचे.

नुसत्या उडीत तोल सांभाळला की ती चांगली उतरली म्हणतो. इथे तोल गेला तरच काम होतं. माझं शरीर वर्षानुवर्षं पहिल्याचा सराव करत आलंय.

सराव असा: साधी सरळ उडी, खुर्चीत उतरणं आणि तसंच मागे जाड क्रॅश मॅटवर पाठीवर पडणं. हात कानांशी, हनुवटी जागेवर, पाठ ताठ. वीस वेळा. पहिल्या सहा वेळा पाय आपोआप एक पाऊल मागे टाकत होते. सातव्यांदा टाकलं नाही.

२४ फेब्रुवारी

हात.

टो टचमध्ये हात आडवे असतात. मी ते आडवेच ठेवून उतरत होते. मग हँडस्प्रिंगसाठी ते खाली न्यायचे, मागे झोका द्यायचा आणि वर फेकायचे. जमिनीवर उभं राहून हातांच्या दोन फेऱ्या. धाकटीच्या हे आधी लक्षात आलं. ती बाजूला बसून बघत होती आणि म्हणाली, "ताई, तुझे पाय वाट बघतायत हातांची."

बरोबर होतं. पाय मिटताना हातही त्यांच्यासोबत खाली यायला हवेत, म्हणजे जमिनीला लागताना ते आधीच मांड्यांच्या बाजूला असतात आणि वर जाण्याची एकच फेरी उरते. हवेतच निम्मं काम उरकलेलं.

क्रॅश मॅटवर हेच केलं, मागे उडून पाठीवर पडायचं. जमिनीवरचा वेळ: ९१, ९६, ८८. फक्त हातांमुळे बावीस ते तीस फ्रेम वाचले. बाकी काही बदललं नव्हतं.

३ मार्च

थांबा घेतल्याने नेमकं काय वाया जातं, ते पाहायचं होतं. प्रयोग सोपा आहे, कुणीही करून बघावा. पहिल्या प्रकारात गुडघे वाकवून तसंच लगेच वर उडायचं. दुसऱ्यात गुडघे वाकवून दोन आकडे मोजायचे आणि मग उडायचं. दोन्हींत हातांचा झोका सारखाच. पाच-पाच उड्या, सरासरी काढली. लगेच उडाले तेव्हा हवेत ६६ फ्रेम, थांबून उडाले तेव्हा ६१. उंचीत सांगायचं तर ३७ सेंटिमीटर विरुद्ध ३२.

खाली वाकताना पोटऱ्यांमागच्या आणि मांड्यांच्या शिरा-स्नायू ताणले जातात. लगेच उसळलं तर तो ताण रबरासारखा परत मिळतो. थांबलं की तो विरून जातो, आणि पुढची उसळी स्नायूंना शून्यातून उभी करावी लागते. टो टचवरून खाली येताना तर ताण कितीतरी जास्त, कारण अंग उंचावरून पडत येतं. ती सगळी मिळकत मी एक सेकंद उभी राहून घालवत होते. पहिल्या दिवशी दहाव्या प्रयत्नाला मांड्या थरथरत होत्या, त्याचंही कारण हेच.

८ मार्च

टम्बल ट्रॅकवर, म्हणजे उसळणाऱ्या लांब पट्ट्यावर, पहिल्यांदा पूर्ण जोडणी. लगेच जमली! सलग पाच वेळा. आनंद झाला, पण चित्रफीत पाहिल्यावर जपूनच धरला. ट्रॅकचा पृष्ठभाग खाली दबतो आणि स्वतःच वर फेकतो. माझे गुडघे पुढे जात होते, छातीही झुकत होती, आणि ट्रॅक ते सगळं झाकून घेत होता. दिशा आणि धीर यांसाठी तो चांगला. उतरण्याची सवय मात्र तिथे लावून घ्यायची नाही, असं ठरवलं. आठवड्यातून एकदाच, दहा मिनिटं.

१२ मार्च

वेजवर, म्हणजे फोमच्या उतरत्या ठोकळ्यावर. उतार मागच्या बाजूला, मॅडम डाव्या हाताला, एक हात कंबरेच्या मागे आणि दुसरा मांडीखाली. उतारामुळे कंबर आपोआप पायांच्या मागे जाते, त्यामुळे खुर्ची शोधावी लागत नाही.

पहिल्या दोन वेळा मॅडमनीच उचलून नेलं. तिसऱ्या वेळी त्यांचा हात पाठीला नुसता टेकला. चौथ्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. उडी संपल्याचं कळलंच नाही. पाय मिटले आणि पुढच्या क्षणी हात मॅटवर होते. मध्ये उभं राहिल्याची आठवणच नाही. इतके दिवस दोन गोष्टींच्या मध्ये जी जागा मला स्पष्ट दिसायची, ती त्या एका वेळी नव्हती.

पाचव्या वेळी ती जागा परत आली. तरी चौथी आहे, फितीत आहे. ७४ फ्रेम.

१५ मार्च

पडले.

वेजवरच, सहाव्या प्रयत्नात. डावा पाय आधी लागला, उजवा मागाहून. अंग उजवीकडे वळलं आणि डावा हात एकटाच टेकला. मॅडमनी कंबर धरली म्हणून डोकं वाचलं. मनगटाला काही झालं नाही, पण हाताला कंप सुटला होता. मॅडमनी त्या दिवसाचं काम तिथेच थांबवलं आणि मीही हट्ट केला नाही.

रात्री फीत पाहिली. उजवा पाय पाच फ्रेम उशिरा. मग जुन्या सगळ्या फिती काढल्या. प्रत्येकीत उजवा पाय उशिरा आहे, तीन ते सहा फ्रेम. नुसत्या उडीत हे कधी खटकलं नाही, कारण उतरून स्थिर व्हायला वेळ मिळायचा. जोडणीत तो वेळच काढून टाकलाय, त्यामुळे पायांमधला फरक आहे तसा पुढच्या हालचालीत शिरतो आणि वळण बनतो.

यावरून हर्कीची आठवण झाली. एक पाय ताठ बाजूला, दुसरा वाकवलेला, ती उडी. लॉरेन्स हर्किमर यांच्या नावावरून ती ओळखली जाते. १९४८ मध्ये त्यांनी अमेरिकेत नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशन सुरू केली. दोन्ही पाय ताठ ठेवायच्या उडीतूनच ती चुकून घडली असं सांगतात. नवख्यांना टो टचपेक्षा हर्की सोपी वाटते, म्हणून मी मध्ये एकदा मॅडमना विचारलं होतं की आधी हर्कीने जोडून पाहू का. त्यांनी साफ नकार दिला होता. आज कारण कळलं. त्या उडीत एक पाय लांबून येतो आणि दुसरा जवळून. दोन्ही एकाच क्षणी टेकवायचे तर वेगळं कसब लागतं. माझ्या टो टचमध्ये एक छोटी हर्की लपून बसली होती.

१८ मार्च

फक्त उजवा पाय. भिंतीला पाठ लावून बाजूला उचलणं आणि ओढून घेणं. डाव्याच्या दुप्पट फेरे.

२२ मार्च

तेच. टो टचच्या फितीत फरक आता दोन फ्रेमवर आलाय. पावलांमध्ये एक पातळ फोमचा तुकडा धरून सरळ उड्याही मारतेय, तो पडता कामा नये.

२५ मार्च

भीतीबद्दल लिहायला हवं, नाहीतर ही वही अर्धीच खरी ठरेल.

पडल्यानंतर आज पहिल्यांदा वेजवर गेले. तयारी घेतली, उडी मारली, उतरले आणि थांबले. सात वेळा. पायांना सगळं ठाऊक होतं, हातही खाली होते, आणि तरी काहीतरी मला उभं करून ठेवत होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "उतरताना तुला काय दिसतं?"

उत्तर देता आलं नाही. पुन्हा करून पाहिलं. उतरताना मला माझे पाय दिसतात. दरवेळी. उभ्याने हँडस्प्रिंग मारते तेव्हा मी समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे बघते, अगदी हात कानांजवळून जाईपर्यंत. उडीनंतर मात्र नजर खाली पळते, कारण जमीन आली का ते बघायचं असतं. नजर खाली गेली की मान जाते, मानेपाठोपाठ छाती, आणि छाती खाली असताना मागे जाणं खरंच धोक्याचं आहे. म्हणजे जी भीती मला थांबवत होती तिचं म्हणणं रास्त होतं. त्या अवस्थेत मी मागे जायलाच नको होतं.

समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला केशरी टेपची पट्टी लावली. नियम एकच: उडी मारण्याआधी पट्टी, पाय वर असताना पट्टी, उतरताना पट्टी. जमीन पायांना लागेल, ती डोळ्यांनी शोधायची नाही.

आठव्या प्रयत्नात गेले. नवव्यातही.

३० मार्च

स्प्रिंग फ्लोअरवर, म्हणजे खाली स्प्रिंग असलेल्या स्पर्धेच्या जमिनीवर, मॅडमच्या हातासह. मॅटच्या दोन पट्ट्यांमधल्या शिवणीवर उभी राहून सुरुवात केली, म्हणजे उडी पुढे-मागे सरकली तर लगेच दिसतं. मॅटची पट्टी ६ फूट रुंद असते, त्यामुळे हात कुठे टेकले त्याचाही अंदाज येतो. माझी उडी वीतभर पुढे सरकते. ते ठीक आहे, असं मॅडम म्हणाल्या.

जमिनीवरचा वेळ: ७६, ७१, ७०, ७३.

४ एप्रिल

एकटीने.

मॅडम दोन पावलं मागे सरल्या, हात मागे बांधून उभ्या राहिल्या. धाकटी आणि बाकीच्या मॅटच्या कडेला. कुणी काही बोललं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पट्टीकडे पाहिलं. हात जोडले, इंग्रजी व्हीसारखे वर उघडले, झोका घेतला. पाय वर आले तेव्हा पट्टी दिसत होती. पाय मिटले तेव्हाही. टाचा लागल्या, कंबर मागे गेली, हात वर गेले आणि मग छत.

पाय पुन्हा खाली आले तेव्हा मी रडले, हेही लिहून ठेवते.

६१ फ्रेम. त्यानंतर चार वेळा आणखी केली. शेवटची ५८.

९ एप्रिल

संगीतावर. आमच्या रूटीनच्या या भागाचा वेग मिनिटाला १५० ठोके आहे. एक काउंट म्हणजे ०.४ सेकंद, माझ्या हिशेबात ४८ फ्रेम. आठांत मांडणी अशी: १ ला हात जोडणं, ३ ला व्ही, ५ ला झोका, ७ ला पाय जमिनीवर, ८ ला जमीन सोडणं. पाय ६ ला वर असतात असं आम्ही सगळ्या म्हणतो, पण ७ ला उतरायचं तर उडीचा माथा ६ च्या जरा पुढेच येतो. म्हणूनच घाईने ६ ठोकायला जाणारीची उडी बुटकी होते.

७ आणि ८ च्या मध्ये ४८ फ्रेम. म्हणजे जिचे ५० यायचे, ती नुसती तालात होती. आणि फेब्रुवारीतले माझे ११८ म्हणजे अडीच काउंट. ओळीतल्या बाकीच्या हातांवर उलट्या झालेल्या असताना मी अजून उभीच असणार होते.

तालाचा एक अनपेक्षित फायदा झाला. फ्रेम मोजत असताना मी "लवकर, लवकर" करत होते आणि खांदे आवळले जात होते. ठोका कानात असला की लवकर करावं लागत नाही, ८ आला की जायचं. आज ५५, ५४, ५६.

१५ एप्रिल

पूर्ण रूटीनमध्ये ही जोडणी शेवटच्या पाऊण मिनिटात येते, एकमेकींच्या आधारावर रचायच्या पिरॅमिडच्या आधी. तिथवर पोचेपर्यंत पाय थकलेले असतात. आज अख्ख्या रूटीननंतर मोजलं: हवेत ५८ फ्रेम, म्हणजे २९ सेंटिमीटर. ताजी असते त्याहून सहा सेंटिमीटर कमी. हवेतला वेळ घटला की पाय मिटायला मिळणारा वेळही घटतो, आणि फेब्रुवारीतली सगळी दुखणी एकेक करून परत येतात. मॅडमनी सांगितलं, थकल्यावर पाय कमी उंच उचल पण वेळेवर मिटव. दिसायला थोडं कमी, उतरायला पुरेसं. मन मानायला तयार नव्हतं. दोन्ही करून पाहिल्यावर मानलं.

२० एप्रिल

धाकटीसोबत. तिने विचारलं, "ताई, माझेही फ्रेम मोजशील?" मोजले. जमिनीवर फक्त ४४! माझ्याहून कमी, आणि तरी तिची हँडस्प्रिंग वाईट. हात पायांपासून दीड वीतभर अंतरावर टेकतात, कोपरं वाकतात.

फितीत कारण दिसलं. तिची उडी मागे सरकते. शिवणीवरून उडते आणि हातभर मागे टाचांवर उतरते. अंग आधीच पडत असतं, म्हणून जमिनीवरचा वेळ कमी. ती ढकलत नाही, कोसळते. माझा दोष उभं राहण्याचा होता, तिचा न थांबण्याचा. इतके दिवस मी एका आकड्यामागे होते आणि तो कमी झाला की सगळं बरोबर, असं धरून चालले होते. तिच्या फितीने तो समज मोडला. आता वहीत दोन आकडे लिहितेय: जमिनीवरचा वेळ, आणि पायांपासून हातांपर्यंतचं अंतर.

तिला मागे भिंतीसारखी उभी जाड मॅट लावून टो टच करायला दिले. मॅटला पाठ लागता कामा नये. पहिल्या चार वेळा लागली. तिला मागे जायची ओढ उडीच्या आधीच लागते, कारण पुढे काय येणार ते ठाऊक असतं. "आधी ही उडी पूर्ण कर, पुढचं पाय जमिनीला लागल्यावर," असं सांगितलं. मला मॅडम बरोबर याच्या उलट सांगत होत्या!

२६ एप्रिल

माझे आजचे: ५१, ४९, ५०, ५०. हातांचं अंतर सातत्याने माझ्या पावलाच्या तिप्पट लांबीच्या आसपास. उजवा पाय एक फ्रेम उशिरा, कधी तोही नाही.

मॅडमना विचारलं की टो टच आणि थेट बॅक टक, म्हणजे हात न टेकवता मागे कोलांटी, कधी. लेव्हल ४ ला उभ्याने टक चालते, पण उडीला लगेच जोडलेली चालत नाही, मध्ये हँडस्प्रिंग घ्यावी लागते. थेट जोडणीची मुभा त्याच्या वर. म्हणजे नियमाने अजून दूर आहे, शरीराने तर आणखी. आणि तिथे हे सगळं पुन्हा बदलणार: टकला पाय कमरेच्या पुढे चालत नाहीत, बरोबर खाली हवेत, खुर्ची नको, अंग सरळ वर जायला हवं. तीन महिने लावून जे अंगवळणी पाडलं तेच तिथे आड येईल. मॅडम म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा, पण वही जपून ठेव.

२८ एप्रिल

धाकटीची पाठ आज मॅटला एकदाही लागली नाही. क्रॅश मॅटवर उतरून मागे जाणंही केलं, छान केलं. पण नजर अजून खाली पळते. तिला विचारलं, उतरताना काय दिसतं? म्हणाली, "तुझी पट्टी दिसत नाही ताई, ती फार वर आहे."

तिच्या डोळ्यांची उंची मोजली आणि माझ्या पट्टीखाली चार बोटांवर दुसरी लावली.